सिकलसेल असलेल्या मुलाचा मेंदू सांभाळताना: नव्या पालकांसाठी एकेक पायरी

सिकलसेलचं, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात त्या आनुवंशिक रक्तविकाराचं, निदान झालं की पालकांना पहिल्या भेटीत बरंच काही सांगितलं जातं. ताप आला तर थांबू नका, पाणी भरपूर पाजा, गारठू देऊ नका, हाडं दुखायला लागली तर काय करायचं, प्लीहा कशी तपासायची. मेंदूचा विषय मात्र मागे राहतो, आणि काही घरांत तो थेट मुलाचा एक हात लुळा पडल्यावरच निघतो. असं व्हायला नको. या आजारातल्या बऱ्याच त्रासांची आधी चाहूल लागत नाही, पण पक्षाघाताची लागते. एका साध्या, सुई न टोचणाऱ्या तपासणीत धोका आधी दिसतो आणि दिसला तर तो मोठ्या प्रमाणात टाळता येतो. हे प्रत्येक आईवडिलांना निदानाच्या दिवशीच कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पहिली पायरी: रिपोर्टवर प्रकार कोणता लिहिलाय ते बघा

सिकलसेल म्हटलं की सगळ्यांना सारखाच धोका, असं नाही. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणाऱ्या रक्ततपासणीचा रिपोर्ट हातात घ्या. मूल 'एसएस' असेल, किंवा 'एस-बीटा शून्य थॅलेसिमिया' असेल, तर या लेखातली प्रत्येक गोष्ट तुमच्यासाठी आहे. हे दोन प्रकार रिपोर्टवर कधीकधी वेगळे ओळखू येत नाहीत. पण मेंदूच्या काळजीपुरती दोघांना वागणूक एकच, त्यामुळे तो गुंता सुटेपर्यंत थांबायचं कारण नाही. 'एससी' किंवा 'एस-बीटा प्लस' या प्रकारांत पक्षाघाताचा धोका बराच कमी असतो, म्हणून त्या मुलांना दरवर्षीची तपासणी सरसकट सांगितली जात नाही. लक्षणं दिसली तर धावपळ मात्र तीच करायची. आणि 'एएस', म्हणजे नुसता वाहक असलेल्या भावंडाला ही भीती बाळगायची गरज नाही.

रक्त चढवल्यानंतर लगेच काढलेला रिपोर्ट फसवा असतो, कारण त्यात दात्याचं हिमोग्लोबिन मिसळलेलं असतं. तसं झालं असेल तर डॉक्टरांना सांगा.

दुसरी पायरी: आत नेमकं काय चाललंय ते समजून घ्या

हे समजलं की पुढचे उपचार आपोआप पटतात, म्हणून दोन मिनिटं इथे द्या.

निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलमधली पेशी १० ते २० दिवसांतच फुटते. त्यामुळे हिमोग्लोबिन कायम कमी, एसएस मुलांत बहुतेकदा ६ ते ९ ग्रॅमच्या आसपास. लहान मुलाच्या मेंदूला ऑक्सिजन खूप लागतो. रक्तात तो कमी आहे म्हटल्यावर शरीर तेच रक्त जास्त वेगानं मेंदूकडे पाठवायला लागतं. म्हणजे जी वाढीव ताकद अडीअडचणीसाठी राखीव असते, ती रोजच वापरली जाते. मग ताप, छातीचा संसर्ग किंवा हिमोग्लोबिन अचानक उतरणं असं काही झालं, की मेंदूकडे वाढवायला काही शिल्लक उरत नाही.

दुसरीकडे, कडक चिकट पेशी आणि फुटलेल्या पेशींतून बाहेर पडलेलं हिमोग्लोबिन रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सतत इजा करत राहतात. कवटीच्या तळाशी असलेल्या मोठ्या धमन्यांचं अस्तर जाड होत जातं आणि वाट अरुंद होते. अरुंद वाटेतून तेवढंच रक्त जायचं तर वेग आणखी वाढतो. हा वाढलेला वेग बाहेरून मोजता येतो, आणि पुढची सगळी तपासणी त्यावरच उभी आहे.

उपचार नव्हते त्या काळातल्या मुलांच्या मोठ्या अमेरिकी पाहणीत, एसएस असलेल्यांपैकी सुमारे ११ टक्के जणांना वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत पक्षाघात झाल्याचं दिसलं. रक्तवाहिनी बंद होऊन होणारा पक्षाघात साधारण २ ते ९ या वयात जास्त होतो. म्हणजे अगदी खेळण्या-बागडण्याच्या वयात.

तिसरी पायरी: दोन वर्षं पूर्ण झाली की डॉपलर

तपासणीचं नाव ट्रान्सक्रॅनियल डॉपलर, बोलताना टीसीडी. कानशिलावर जेल लावून सोनोग्राफीसारखाच एक प्रोब धरतात आणि मेंदूतल्या धमन्यांमधला रक्ताचा वेग मोजतात. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही, भूल नाही. साधारण अर्धा तास लागतो. एसएस आणि एस-बीटा शून्य असलेल्या मुलांची ही तपासणी २ ते १६ या वयात दरवर्षी व्हायला हवी. मूल ठणठणीत असलं तरी. खरं तर ठणठणीत असतानाच, कारण ही तपासणी आजारपणासाठी नाहीच.

आकडा बरोबर यायचा तर काही गोष्टी सांभाळाव्या लागतात, आणि त्या सांभाळणं बरंचसं पालकांच्या हातात आहे. मूल जागं आणि शांत हवं. झोपेत मेंदूतला रक्ताचा वेग बदलतो, म्हणून झोपेचं औषध देऊन ही तपासणी करत नाहीत. रडून रडून बेजार झालेल्या मुलाचाही आकडा भरवशाचा नसतो. आवडतं खेळणं किंवा गोष्टीचं पुस्तक बरोबर न्या. ताप असेल, वेदनांचं दुखणं चालू असेल, नुकतंच रुग्णालयातून घरी आलं असेल, तर तारीख पुढे ढकला. अलीकडे रक्त चढवलं असेल तर वेग तात्पुरता कमी दिसतो आणि धोका झाकला जातो. तेही सांगा.

आणखी एक. तपासणी करणारी व्यक्ती सिकलसेलच्या मुलांची टीसीडी करायला शिकलेली आहे का, हे विचारायला संकोचू नका. नेहमीच्या सोनोग्राफी यंत्रावर, चित्र बघत केलेल्या तपासणीत आकडे थोडे कमी येतात आणि तिच्या मर्यादाही त्याप्रमाणे खाली धरतात. त्यामुळे तपासणी कोणत्या पद्धतीनं झाली हे रिपोर्टवर लिहिलेलं असावं.

चौथी पायरी: आकड्याचा अर्थ लावा

रिपोर्टवर सरासरी वेग सेंटिमीटर प्रति सेकंद या एककात असतो. मूळ, बिनचित्री पद्धतीचे टप्पे असे:

- १७० पेक्षा कमी: सामान्य. पुढच्या वर्षी पुन्हा.
- १७० ते १९९: सीमेवरचा. वर्षभर थांबायचं नाही. मूल लहान असेल आणि आकडा १९९ च्या जवळ असेल तर तीनेक महिन्यांत, एरवी सहा महिन्यांच्या आत पुन्हा तपासणी. हायड्रॉक्सीयुरिया (रोज घ्यायचं औषध, त्याबद्दल पुढे) चालू नसेल तर ते सुरू करण्याबद्दल इथेच बोला.
- २०० किंवा जास्त: असामान्य. थोड्याच दिवसांत पुन्हा मोजून खात्री करतात आणि उपचार सुरू होतात.

कधी 'खिडकी मिळाली नाही', म्हणजे कानशिलाच्या हाडातून लहरी आत गेल्याच नाहीत, असा शेरा येतो. त्याचा अर्थ 'सगळं ठीक' असा नाही. एकदा पुन्हा प्रयत्न करायला लावा, नाहीच जमलं तर रक्तवाहिन्यांचा एमआरआय करायचा का ते विचारा.

२०० हा आकडा कुठून आला? १९९८ मध्ये 'स्टॉप' या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वेग २०० किंवा जास्त असलेली १३० मुलं घेतली होती. ६३ मुलांना नियमित रक्त दिलं, ६७ जणांची नेहमीची काळजी घेतली. नेहमीच्या काळजीतल्या ११ मुलांना पक्षाघात झाला, रक्त मिळणाऱ्यांपैकी फक्त एकाला. धोका ९२ टक्क्यांनी कमी. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी वेळेआधी थांबवून सगळ्यांनाच रक्त देऊ केलं गेलं. मुलांच्या वैद्यकशास्त्रात इतका ठाम निकाल क्वचितच पाहायला मिळतो, आणि तरीही ही तपासणी असंख्य मुलांपर्यंत पोहोचत नाही. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी विषय काढला नाही तर तुम्ही काढा.

पाचवी पायरी: आकडा जास्त आला तर

घाबरून जाल, ते साहजिक आहे. पण जास्त आकडा म्हणजे पक्षाघात झाला असं नव्हे. तो होण्याआधी तुम्हाला वेळ मिळाला आहे.

उपचार म्हणजे दर तीन ते चार आठवड्यांनी रक्त. उद्देश नुसतं हिमोग्लोबिन वाढवणं हा नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन एस, म्हणजे सिकलसेलचं सदोष हिमोग्लोबिन, ३० टक्क्यांच्या खाली ठेवणं हा आहे. म्हणून प्रत्येक वेळी रक्त देण्याआधीचा एस टक्का विचारा आणि वहीत लिहा. तारखा पुढे सरकत गेल्या की हा टक्का गुपचूप वर चढतो.

रक्त सुरू करतानाच दोन गोष्टी मार्गी लावा. पहिली, रक्तगटाची सखोल जुळणी. फक्त ए, बी, ओ आणि आरएच पाहून भागत नाही. सी, ई आणि केल हे घटकही जुळवलेलं रक्त मिळालं तर शरीरात प्रतिपिंडं (परक्या रक्तावर हल्ला करणारी अँटीबॉडीज) तयार होण्याचा धोका कमी होतो. एकदा ती तयार झाली की पुढे जुळणारं रक्त शोधणं फार अवघड होऊन बसतं. प्रतिपिंड सापडल्याची नोंद असलेला कागद जन्मभर जपायचा. दुसरी, लोह. रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून २०० मिलिग्रॅमच्या आसपास लोह शरीरात जातं आणि ते बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. ते यकृतात, हृदयात साठतं. फेरिटिन, म्हणजे साठलेल्या लोहाचा अंदाज देणारी रक्ततपासणी, नियमित करा आणि लोह कमी करणारं औषध, जसं डेफेरासिरॉक्स, कधी सुरू करायचं हे वेळेत ठरवून घ्या.

किती दिवस चालायचं हे? आकडा सामान्य झाला की पालकांना वाटतं, आता बास. २००५ च्या 'स्टॉप २' चाचणीत नेमकं हेच करून पाहिलं. रक्त थांबवलेल्या ४१ मुलांपैकी १४ जणांचा वेग पुन्हा वाढला आणि दोघांना पक्षाघात झाला. रक्त चालू ठेवलेल्या ३८ मुलांत यातलं काहीच झालं नाही. तेव्हा आपल्या मनानं थांबवू नका. पण कायमचं रक्त हाच एक मार्ग आहे असंही नाही. २०१६ च्या 'ट्विच' चाचणीत दिसलं की किमान वर्षभर रक्त घेतलेल्या, आणि एमआरआयवर धमन्या फार अरुंद झालेल्या नसलेल्या मुलांना हळूहळू हायड्रॉक्सीयुरियावर आणता येतं. हा बदल काही महिने दोन्ही उपचार एकत्र चालवत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली होतो.

जिथे नियमित, सुरक्षित रक्त मिळणंच शक्य नाही तिथे काय? तिथे हायड्रॉक्सीयुरिया लगेच सुरू करणं हा मान्य पर्याय आहे. नायजेरियातल्या मुलांमध्ये झालेल्या चाचण्यांनी या वाटेला बळ दिलं आहे. 'रक्त मिळत नाही, मग तपासणी तरी कशाला' असं म्हणू नका.

हायड्रॉक्सीयुरियाविषयी थोडं

हे औषध काही कर्करोगांतही वापरतात, एवढं ऐकून कितीतरी घरांत ते कपाटातच राहतं. सिकलसेलमध्ये ते गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवतं, त्यामुळे पेशी विळ्यासारख्या वाकण्याचं प्रमाण घटतं. वेदनांचे झटके आणि छातीचे गंभीर त्रास कमी होतात, मेंदूतला वेगही उतरतो. ते रोज, न चुकता द्यावं लागतं. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खूप उतरत नाहीत ना हे पाहायला सुरुवातीला दर महिन्याच्या आसपास रक्ततपासणी लागते, नंतर अंतर वाढवता येतं. एक चूक सर्रास होते: मुलाचं वजन वाढतं आणि डोस तोच राहतो. प्रत्येक भेटीत वजन करून डोस पुन्हा मोजून घ्या.

सहावी पायरी: लक्षणं ओळखा, घरातल्या प्रत्येकाला शिकवा

आजी-आजोबा, मोठं भावंड, शिक्षक, सगळ्यांना. मोठ्या मुलाला तीन गोष्टी करायला सांगा: हसून दाखव, दोन्ही हात समोर उचलून धर, एक पूर्ण वाक्य बोल. ओठ एका बाजूला ओढला गेला, एक हात खाली घसरला, शब्द अडखळले किंवा निरर्थक आले, तर तो पक्षाघात समजायचा.

छोट्या मुलांत हे इतकं सरळ नसतं. ती सांगत नाहीत. अचानक एकच हात वापरायला लागतात, हातातली वस्तू सारखी पडते, चालता चालता एक पाय फरफटतो, चालायलाच नको म्हणतात, लाळ एका बाजूनं गळते. पालकांचा गोंधळ इथे होतो, कारण हाड दुखत असतानाही मूल लंगडतं. दुखणारा पाय हात लावू देत नाही, मूल रडतं. अशक्त पाय बिनदुखता लुळा असतो. फरक कळत नसेल तर त्रास मेंदूचाच आहे असं धरा आणि निघा.

याखेरीज, आयुष्यात पहिल्यांदा आलेली आकडी, अचानक उठलेली असह्य डोकेदुखी आणि उलट्या, दिसेनासं होणं, तोल जाणं, जागं करूनही नीट जागं न होणं. यातलं काहीही झालं तरी तेच. डोकेदुखीसोबत ताप आणि मान ताठ असेल तर मेंदुज्वराची शंका घ्यायची, कारण या मुलांची प्लीहा लवकर निकामी होते आणि जंतुसंसर्ग झपाट्यानं वाढतो.

सर्वांत फसवं लक्षण म्हणजे आलं आणि गेलं असं. दहा मिनिटं हात उचलत नव्हता, आता खेळतोय. मोठ्या पक्षाघाताची ही पूर्वसूचना असू शकते. मूल बरं दिसत असलं तरी त्याच वेळी रुग्णालय गाठा, उद्यावर टाकू नका.

सातवी पायरी: त्या पहिल्या दोन तासांत

घड्याळ बघा. मूल शेवटचं ठीक कधी होतं ती वेळ लिहा. रुग्णवाहिका बोलवा. कुशीवर झोपवा. तोंडानं पाणी, औषध, काहीही देऊ नका, गिळता आलं नाही तर ते फुप्फुसात जातं. अ‍ॅस्पिरिन तर मुळीच नाही. मेंदूत रक्तस्राव झालेला असेल तर ते घातक ठरेल, आणि स्कॅन होईपर्यंत ते कोणालाच माहीत नसतं.

वाटेतूनच रुग्णालयात फोन करून सांगा: "सिकलसेल एसएस आहे, पक्षाघाताची लक्षणं आहेत, रक्त लागेल." रक्तपेढीला तयारीला वेळ लागतो आणि ही मिनिटं तिथेच वाचतात.

या पक्षाघाताचा उपचार मोठ्या माणसांसारखा नसतो. गुठळी विरघळवण्याच्या औषधावर इथे भिस्त नसते. मुख्य उपचार रक्त, आणि तेही पोहोचल्यापासून दोन तासांच्या आत सुरू व्हावं असं २०२० च्या अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. सर्वांत चांगलं म्हणजे रक्तबदल: मुलाचं रक्त काढून तेवढंच निरोगी रक्त देणं. त्याची सोय व्हायला वेळ लागणार असेल आणि हिमोग्लोबिन कमी असेल, तर तोवर साधं रक्त चढवतात. मात्र एस टक्का जास्त असताना हिमोग्लोबिन १० च्या फार वर नेत नाहीत, नाहीतर रक्त दाट होऊन उलट अपाय होतो. सीटी किंवा एमआरआय होतोच, पण एमआरआयच्या रांगेत रक्त अडकू नये. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी सिकलसेलचा पक्षाघात आधी पाहिला असेलच असं नाही. म्हणून "आमच्या रक्तविकारतज्ज्ञांशी आत्ताच बोला" हे नम्रपणे, पण ठामपणे सांगा.

फाईलच्या पहिल्या पानावर हे कायम असू द्या: प्रकार, रक्तगट आणि प्रतिपिंडं, नेहमीचं हिमोग्लोबिन, शेवटचा टीसीडी आकडा, चालू औषधं, तज्ज्ञांचा फोन.

आठवी पायरी: ज्या इजेचं लक्षणच दिसत नाही

पक्षाघातापेक्षा कितीतरी जास्त मुलांत मेंदूत छोटे डाग पडतात आणि हातपाय, बोलणं सगळं व्यवस्थित असतं. याला सायलेंट इन्फार्क्ट म्हणतात. एसएस मुलांपैकी सुमारे एक चतुर्थांश जणांत सहाव्या वर्षापर्यंत, आणि अठराव्या वर्षापर्यंत चाळीस टक्क्यांच्या जवळपास मुलांत ते सापडतात. टीसीडी सामान्य असली तरी असू शकतात. दिसतात ते फक्त एमआरआयवर. म्हणून मूल भूल न देता स्थिर पडून राहू शकेल अशा शाळेच्या वयात एकदा तरी एमआरआय करून घ्यावा.

'सायलेंट' हे नाव डॉक्टरांच्या दृष्टीनं. वर्गात त्याचा आवाज ऐकू येतो. तीन सूचना एकदम दिल्या तर तिसरी विसरते, फळ्यावरचं उतरवून व्हायच्या आत फळा पुसला जातो, गणितात मधली पायरी सुटते, मागच्या वर्षी येणारं या वर्षी जड जातं. आणि शेरा येतो: लक्ष देत नाही, आळशी आहे. मला या शेऱ्याचं फार वाईट वाटतं, कारण ते मूल इतरांपेक्षा जास्त कष्ट करत असतं. शिक्षकांना भेटून आजार समजावून सांगा. उत्तरपत्रिकेला जास्त वेळ, सूचना एकेक करून आणि लिहून, पाण्याची बाटली जवळ, रुग्णालयात गेलेले दिवस भरून काढायला मदत, एवढ्यानंही खूप फरक पडतो. बालमानसशास्त्रज्ञांकडून लक्ष, स्मरण आणि कामाचा वेग यांची सविस्तर चाचणी करून घेतली तर नेमकी अडचण कळते.

डाग सापडले तर उपाय आहे का? २०१४ च्या 'सिट' चाचणीत नियमित रक्त मिळालेल्या मुलांपैकी ६ टक्क्यांत नवा डाग किंवा पक्षाघात आढळला, न मिळालेल्यांत १४ टक्क्यांत. हा फायदा खरा आहे, पण त्यासाठी दर महिन्याचं रक्त आणि लोहाचं ओझं पत्करायचं का, हे प्रत्येक घरानं डॉक्टरांसोबत बसून ठरवायचं. याचं एकच बरोबर उत्तर नाही.

मूल रात्री घोरतं का, श्वास मध्येच थांबतो का, याकडेही लक्ष द्या. वाढलेल्या टॉन्सिलमुळे झोपेत ऑक्सिजन उतरतो, आणि त्याचा मेंदूवर आणि अभ्यासावर दोन्हीकडे परिणाम होतो.

नववी पायरी: पक्षाघात होऊन गेला असेल तर

फिजिओथेरपी, वाचा-उपचार, हाताची कामं शिकवणारी ऑक्युपेशनल थेरपी, हे मूल स्थिर झालं की लगेच सुरू करा. पण त्याहून निकडीचं म्हणजे दुसरा पक्षाघात रोखणं. रक्त न देता सोडलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक जणांना तो पुन्हा होतो, बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांत. इथे हायड्रॉक्सीयुरिया रक्ताची जागा घेऊ शकत नाही. २०१२ च्या 'स्विच' चाचणीत औषधावर आणलेल्या ६७ मुलांपैकी ७ जणांना पुन्हा पक्षाघात झाला, रक्तावर ठेवलेल्या ६६ पैकी एकालाही नाही. रक्त मिळतच नसेल तरच औषधावर अवलंबून राहायचं.

काही मुलांत अरुंद धमन्यांभोवती नाजूक, धुरासारख्या दिसणाऱ्या वाहिन्यांचं जाळं तयार होतं. त्याला मोयामोया म्हणतात. अशा वेळी डोक्याच्या त्वचेतली धमनी मेंदूच्या पृष्ठभागाशी जोडणाऱ्या शस्त्रक्रियेचा विचार होतो, म्हणून एमआरआय ठराविक काळानं पुन्हा करत राहतात. आणि पूर्ण जुळणारं, निरोगी भावंड असेल तर अस्थिमज्जा प्रत्यारोपणाबद्दल जरूर विचारा. ज्यांच्या मेंदूला इजा झाली आहे किंवा ज्यांचा वेग वाढलेला आहे, त्यांच्यासाठी ही चर्चा लवकर होणं चांगलं. भावंडांची एचएलए तपासणी, म्हणजे अस्थिमज्जा जुळते का हे पाहणारी चाचणी, ही त्यातली पहिली पायरी.

सोळाव्या वर्षी

टीसीडीचे आकडे १६ नंतरच्या वयासाठी पडताळलेले नाहीत, त्यामुळे तपासणी थांबते. धोका थांबत नाही. विशीत रक्तस्रावाच्या पक्षाघाताचं प्रमाण वाढतं, आणि नेमक्या याच वयात मुलं बालरोग विभागातून बाहेर पडतात, औषधं आपली आपण घ्यायला लागतात, काही जण सोडूनही देतात. म्हणून शेवटच्या टीसीडीच्या आधीच मोठ्यांच्या रक्तविकारतज्ज्ञांची पहिली भेट ठरवून टाका. त्या भेटीला सगळे टीसीडी आकडे, शेवटचा एमआरआय, प्रतिपिंडांचा कागद आणि फेरिटिनची वही घेऊन जा, आणि बोलायचं काम मुलाला करू द्या.